ताडपत्रीवरची वीस जॅकेटं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा कॅम्प मुक्ताईनगरकडे, तापीच्या फुगवट्यावर लागला. धरणाचं पाणी तिथे मागे पसरत जंगलात शिरलेलं आहे. चाळीस जवान, दोन ऑफिसर, पंधरा दिवस. विषय अ‍ॅडव्हेंचर ट्रेनिंग. कॅम्प कमांडर एक मेजर होते. मी लेफ्टनंट, नोकरीचं दुसरं वर्ष. राशन आणि स्टोअर माझ्याकडे. माझं घर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, तेव्हा स्थानिक लोकांशी बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. पण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची आणि स्वभाव मुळात न बोलण्याचा. माझं बरंच काम नाईक हुद्द्याचा भटूच करत असे.

भटू साक्री तालुक्यातला. वय एकतीस. पाण्यात उत्तम आणि तोंडाने तिखट. लंगरमधली डाळ पाहून तो कुकला म्हणायचा, "उस्ताद, इसमें दाल भी डाली है, या सिर्फ नाम लिया है?"

सकाळी सहाला पीटी. सात ते दहा डोंगा चालवणं आणि जाळं टाकणं. शिकवायला गेंदू आबा. ते तिथल्या भोईवाड्यातले, साठीच्या पुढचे. पाण्यावर चक्रवाक आणि थापट्या बदकं हजारोंनी उतरलेली असत. आबा त्यांच्याकडे बघून वाऱ्याचा अंदाज सांगायचे.

त्या फुगवट्याखाली बाभळीचं एक अख्खं रान बुडालेलं आहे. धरण झालं तेव्हा झाडं न तोडताच पाणी सोडलं. खुंट पाण्याखाली हातभर आत उभे आहेत आणि वर्षानुवर्षांची तुटलेली जाळी त्यांना गुंडाळलेली आहेत. त्यामुळे भोई सांगड बांधल्याशिवाय डोंग्यात पाय ठेवत नाहीत. सांगड म्हणजे दोन वाळके भोपळे, दोरीने जोडून काखेखाली बांधलेले. माणूस पडला तरी वर राहतो, आणि वर राहिला तर पाय जाळ्यात जात नाहीत. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोहता येते म्हनून मस्ती करू नका. खाली बाभयी हायेत. त्याईले पोहनारा अन् न पोहनारा सारखाच." जवानांना आधी हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून सगळे न सांगता बांधू लागले.

रविवारी आबांच्या घरच्या बायकांनी भरीत केलं. हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचली, वर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भटूने सहा खाल्ल्या.

"नाईकसाहेब, उद्या डोंगा बुडंल तुमच्या वजनानं," आबा म्हणाले.

"आबा, तुमना डोंगाच बारीक शे," भटू म्हणाला.

त्या कॅम्पमधलं चांगलं तेवढंच लिहिते.

अकराव्या दिवशी दुपारी बारा वाजता एक मोठे साहेब पाहणीला येणार होते. साडेबाराला डोंग्यांचं प्रात्यक्षिक, दहाला रंगीत तालीम. मेजर आठ वाजता घाटावर आले. सांगडी बांधलेले जवान बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे? सर्कस? सोल्जर भोपळे बांधून फिरणार?"

"सर, इकडची पद्धत आहे," मी म्हणाले.

"काढा. सगळे."

सांगडी उतरवून आबांच्या झोपडीत गेल्या. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही.

आमच्याकडे वीस लाइफ जॅकेटं होती. नवी, नारिंगी. पाहणीसाठी ती ताडपत्रीवर मांडली होती. दहा-दहाच्या दोन रांगा, सगळी बक्कलं एकाच दिशेला, मध्ये दोरी ताणून अंतर सारखं केलेलं. त्याला लेआउट म्हणतात. मेजरांचा हुकूम होता की साहेब बघून जाईपर्यंत लेआउटला हात लागणार नाही.

पावणेदहाला भटू ताडपत्रीपाशी आला.

"मॅडम, तीन द्या. पुसीसन परत ठेवसू."

"लेआउट मोडता येणार नाही."

"तालीम व्हई की लगेच आनस."

"मेजरसाहेबांचा हुकूम आहे, भटू."

त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. "जी, मॅडम." आणि तो गेला.

दहा वाजून पाच मिनिटांनी दोन डोंगे निघाले. पहिल्यात भटू आणि दोन जवान, दुसऱ्यात आबा. सव्वादहाला वारा फिरला. दहा अठराला काठावरच्या चौकीवरून रेडिओवर आवाज आला.

"कंट्रोल, पॉइंट दोन. डोंगा खुंटावर चढला. उलटला. तिघं पाण्यात. ओव्हर."

"किती दिसतायत? ओव्हर."

"दोन. थांबा. तीन. एकाने दुसऱ्याला धरलंय. ओव्हर."

भटूने एका जवानाला उलट्या डोंग्यावर ढकललं. दुसरा घाबरून त्याच्या गळ्यात पडला होता. त्याला सोडवून, ओढत नेऊन, त्याने डोंग्याची कड धरायला लावली. तोवर आबांचा डोंगा वीस हातांवर आला. भटूने हात वर केला. मग तो खाली गेला आणि वर आला नाही.

आबांनी बुडी मारली, तीन वेळा. दहा चाळीसला भटूला वर काढलं. उजव्या पायाला जाळं होतं, गुडघ्यापर्यंत. नर्सिंग असिस्टंटने पाऊण तास छाती दाबली. साडेअकराला तो थांबला.

मी मागे वळले तेव्हा ताडपत्रीवर वीस जॅकेटं कोरडी पडलेली होती, रांगेत, सगळी बक्कलं एका बाजूला. त्या रांगा मीच पहाटे उठून सरळ केल्या होत्या. मी ती ताडपत्री एका टोकाला धरून उलटी केली. वीस माणसांसमोर.

पाहणी रद्द झाली. संध्याकाळी मेजरांनी तंबूत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. जॅकेटं देण्यात आली होती, नाईकाने स्वतःच्या जबाबदारीवर ती घातली नाहीत, असं त्यात होतं. खाली माझं नाव.

"सही करा."

"सर, त्याने मागितली होती."

"कोणी ऐकलं?"

"मी."

"तुमची नोकरी दोन वर्षांची आहे. विचार करा. गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"नाही, सर. म्हणून तर त्याला दोषी ठरवता येत नाही."

आयुष्यात एवढं मोठ्याने मी कोणाशी बोलले नव्हते. सकाळी घाटावर त्यातलं निम्मं बोलले असते तर पुरलं असतं. हा राग मेजरांवर आहे तेवढाच माझ्यावर आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

चौकशीत मी माझा जबाब हाताने लिहून दिला. जॅकेटं मागितली. मी नाकारली. हुकूम मेजरांचा, पाळणारी मी. आबांनीही येऊन सांगडीची हकिकत सांगितली. मला लेखी ताकीद मिळाली. मेजरांची बदली झाली. शॉर्ट सर्व्हिसची पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी मुदत वाढवून मागितली नाही.

पण तो टाइप केलेला कागद माझ्याआधी भटूच्या गावी पोचला होता, तोंडी. भटू मस्ती करताना बुडाला, असं साक्रीच्या आठवडे बाजारात लोक बोलत होते. त्या डिसेंबरनंतरच्या मार्चमध्ये मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको सुमन उंबऱ्यात बसली होती. तिने मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

"मॅडम, त्यास्नी चूक व्हती का?"

"नाही. त्यांनी जॅकेट मागितलं होतं. मी दिलं नाही."

मला वाटलं, ती मला हाकलून देईल. ती उठली.

"बाहेर चाला. बठ्ठासले सांगा."

ओट्यासमोर भाऊबंद, शेजारी, म्हाताऱ्या बायका जमल्या होत्या. पंचवीस-तीस माणसं असतील. मी सावधान उभी राहिले, कारण दुसरं कसं उभं राहायचं ते मला सुचलं नाही. नाईक भटू, असं म्हणून मी सुरुवात केली. त्याने दोन माणसं जिवंत काठाला लावली, ते सांगितलं. त्याने काय मागितलं आणि कोणी नाकारलं, ते सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "जोरमा बोला, बेटा. ऐकू येत नही."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.