धुराची बाजू

आत्याला सगळी गल्लीच आत्या म्हणे. खरं तर ती फक्त धाकट्या भावाच्या मुलीची आत्या. उभा जन्म तिने एका लाँड्रीत इस्त्री केली. त्या वाफेमुळे तिचा चेहरा नेहमी ओलसर दिसे, बाई आत्ताच तोंड धुऊन आली असं वाटे. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याला तिने वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि मग त्याच्याच घरात, मागच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जेवढी जागा उरली तेवढीत खाट टाकून राहू लागली. आपल्या स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं, असं ती म्हणे. छत्री बसमध्ये राहून गेली म्हणावं तसं.

तिला हौस एकच होती. खिडकीशी बसून कुठेतरी लांब जायचं. लहानपणी बसमध्ये खिडकी कायम भावाची, कारण त्याला गाडी लागायची. ती शेजारी बसून त्याचं डोकं धरायची आणि त्याच्या मानेवरून बाहेरचं जे तुकडा-तुकडा दिसेल ते बघून घ्यायची.

निवृत्त झाल्यावर भावाने एक जुनी बस आणून अंगणात उभी केली. आतली बाकं उपटून काढली आणि तिचं चालतं-फिरतं घर करायला घेतलं. ओटा झाला, मोरी झाली, झोपायच्या जागा झाल्या. आत्याने पडदे शिवले, गाद्यांना खोळी घातल्या. एका संध्याकाळी खोळ ओढून बघत भाऊ म्हणाला, "ताई, त्या बाजूची खिडकी तुझी. अख्खी." त्या रात्री आत्याने तेवढा एक पडदा उसवला आणि किनार लावून पुन्हा शिवला.

अडचण आली ती पुढे. भावाने पाण्याची टाकी बसवली ती नेमकी इंजिनाच्या धुराच्या नळीच्या वाटेत. जुनी नळी कापावी लागली, आणि नवी कुठून बाहेर काढायची याचा घोळ सुरू झाला. शेवटी नाक्यावरच्या वेल्डरला बोलावलं. हा जाड भुवयांचा, तिरकस बोलणारा गडी. गाडीखाली सरपटत जाऊन आला आणि त्याने एका दमात सांगून टाकलं की नळी जायची ती मागून, बसच्या काठाच्याही थोडी बाहेर, आणि उघडणाऱ्या कुठल्याच खिडकीखाली नाही. फक्त त्यासाठी टाकी सरकवावी लागेल.

टाकी सरकवायची भावाची तयारी नव्हती. बसवताना त्याची पाठ धरली होती. शिवाय मागे मुलीच्या सायकली टांगायच्या होत्या, त्या काळ्या पडल्या असत्या. दाराच्या बाजूला तर मांडव ओढून खुर्च्या टाकायच्या होत्या. वेल्डर म्हणाला, मग छपरावरून काढू, धुराड्यासारखी. भावजय म्हणाली, घर करायला घेतलंय, वीटभट्टी नव्हे.

त्या वेल्डरची एक रीत होती. नळी पक्की करण्याआधी तो इंजिन चालू करायला लावायचा आणि घरातल्या सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचा. मग बाहेरून एकेका खिडकीपाशी जाऊन विचारायचा, इथे कोण? त्या दिवशीही त्याने तसंच केलं. भाऊ स्टिअरिंगपाशी बसला, भावजय त्याच्या मागे, मुलगी कुत्र्याला घेऊन मोठ्या पलंगावर. कुत्र्याचं नाव शेठ. आत्या घरात सगळ्यांसाठी चहा करत होती.

ती ट्रे घेऊन अंगणात आली तेव्हा वेल्डर किनारीच्या पडद्याखाली उभा होता.

"इथे कोण?"

"तिथे कोणी नाही," आतून भावजय म्हणाली. "आत्या झोपतील."

वेल्डरने मागे वळून आत्याकडे बघितलं, ट्रेवरचा एक कप उचलला आणि भावाला विचारलं, मग ह्यांच्या बाजूने काढू का? भाऊ म्हणाला, "काढ. ताईचं आयुष्य वाफेत गेलंय, एवढ्याशा धुराने तिला काय होतंय?" सगळे हसले. आत्याही हसली. चहात साखर कमी झालीय का, असं तिने विचारलं.

पुढच्या रविवारी गाडी जरा फिरवून आणायचं ठरलं. आत्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन आपल्या जागी बसली. गाव संपलं, कालवा आला आणि रेल्वेचं फाटक पडलेलं होतं म्हणून बस इंजिन चालू ठेवून थांबली. कालव्याच्या काठावर एक माणूस छत्री उघडून मासे धरत बसला होता. गळाला काहीतरी लागल्यासारखा तो पुढे झुकला. त्याच वेळी धूर वर यायला लागला. खिडकी लावून घेता आली असती, पण काच धुरकट होती, तिच्यातून काठ दिसला नसता. आत्याने पडद्याची किनार नाकाशी धरली आणि ती बघत राहिली. फाटक काही उघडेना. तो माणूस ओढत होता, सैल सोडत होता, पुन्हा ओढत होता. आत्याचं डोकं जड झालं. फाटक उघडून बस हलली तेव्हा तिला ओकारी झाली. स्वतः शिवलेल्या खोळीवरच.

भावाने गाडी बाजूला घेतली. भावजयीने पहिल्यांदा गादी बाहेर ओढली, मग आत्याला पाणी दिलं.

"धूर येत होता रे," आत्या भावाला म्हणाली.

"आम्हीही त्याच गाडीत आहोत ना? आम्हाला नाही आला तो," भावजय म्हणाली.

भावाने बहिणीच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. "ताई, तुला गाडी लागते हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर आत्याला मधल्या जागी बसवलं. घरी येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. या वयात प्रवासाचे हाल कशाला, घरालाही कोणीतरी हवंच, झाडांना पाणी कोण घालणार. भावजय हे इतक्या मायेने बोलली की आत्याला मान हलवावीच लागली. खोळ तिने दोनदा धुतली.

रिकामी झालेली जागा शेठला मिळाली. पुढच्या फेरीत शेठ खिडकीशी बसला आणि खोकला. घरी आल्यावर पुन्हा खोकला, आणि जेवला नाही. मुलगी रडायला लागली. भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिला. "मुकं जनावर," तो आत्याला म्हणाला, "त्याला त्रास होतोय हे ते सांगणार कसं?" आत्याने शेठला दूध-पोळी कुस्करून आपल्या हाताने भरवली. तिच्या हातून तो जेवत असे.

दुसऱ्याच दिवशी वेल्डर आला. टाकी सरकवली. भाऊ पाठीला पट्टा बांधून स्वतः गाडीखाली गेला. सायकली छपरावर गेल्या. वेल्डरने रीतीप्रमाणे सगळ्यांना जागेवर बसवलं आणि किनारीच्या पडद्याखाली येऊन विचारलं, इथे कोण?

"शेठ," आतून तिघंही एकदम म्हणाली.

"बरं," वेल्डर म्हणाला. त्याने अंगणात उभ्या आत्याकडे बघायचं टाळलं आणि नळी मागून काढली. पहिल्या दिवशी सांगितली होती तशी, काठाच्याही थोडी बाहेर.

निघायच्या दिवशी आत्याने डबे भरून दिले. अंगणाचं लोखंडी दार तिनेच उघडलं आणि बस पुढे सरकल्यावर लावून घ्यायला ती मागे उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी भाजीची हातगाडी आडवी होती, म्हणून बस मागचा भाग अजून दारातच असताना गुरगुरत थांबली. शेठने खिडकीच्या काठावर हनुवटी टेकली होती, किनार त्याच्या कानावर उडत होती.

भावाने डोकं बाहेर काढलं. "ताई, धूर नीट मागे जातोय ना?"

आत्याने दार धरूनच ठेवलं होतं. सोडलं असतं तर ते बसला घासलं असतं.

"हो," ती खोकत म्हणाली. "नीट येतोय."

भावाने समाधानाने डोकं आत घेतलं. हातगाडी बाजूला झाली.