हवेतली खिडकी

तांत युलाली आयुष्यभर जमिनीवर राहिली. सत्तरी उलटल्यावर ती पहिल्यांदा वरच्या मजल्यावर राहायला गेली, आणि तेही स्वतःच्याच घरात.

आमच्या लुइझियानाच्या खाडीकाठी थोरल्या बाईला तांत म्हणतात, म्हणजे मावशीच. युलाली माझी शेजारीण. आदल्या वर्षीच्या वादळात तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पाणी चढलं होतं. मग गावातल्या सगळ्यांनी केलं तेच तिनंही केलं. घराखाली जॅक लावून ते रोज थोडं थोडं उचलून घेतलं आणि शेवटी जाडजूड खांबांवर बसवलं. कपाटातल्या बशा कपाटातच राहिल्या. ती रोज पेकनच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायची आणि संध्याकाळी मी कोळंबीच्या शेडवरून परतताना विचारायची, "वेल्डन, आज किती चढलं वाटतं तुला?"

"चार बोटं."

"मलाही तेवढंच वाटतं. चांगलं फुगतंय."

जणू घर नव्हतं, पावाचं पीठ होतं.

तिचा मुलगा क्लोव्हिस ह्यूस्टनला असतो. जिना बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आई, तुझे गुडघे आणि हा जिना! माझ्याकडे लिफ्ट आहे, खोली रिकामी आहे. चल."

"मार्चमध्ये सांगते," ती म्हणाली. "पाखरू आलं तर राहीन. नाही आलं तर येईन तुझ्या लिफ्टमध्ये."

"पाखरावर घर ठरवतेस?"

"पूर्वी तुझ्या बापावर ठरवलं होतं. त्या मानानं पाखरू भरवशाचं."

हे पाखरू म्हणजे हमिंगबर्ड. अंगठ्याएवढा जीव, हिरवी पाठ, आणि उन्हात मान वळवली की गळ्यावर निखारा फुलल्यासारखा लाल रंग. हिवाळा तो दक्षिणेकडे काढतो आणि वसंतात अख्खं आखात ओलांडून आमच्या किनाऱ्याला लागतो. युलालीचा नवरा अल्सीड कोळंबीच्या बोटीवर होता. एकदा असाच एक दमलेला पक्षी त्याच्या डेकवर पडला. त्यानं तो टोपीत घालून घरी आणला आणि बाटलीच्या बुचातून साखरेचं पाणी पाजलं. तासाभरानं पक्षी उडून गेला. दुसऱ्या दिवशी अल्सीडनं स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हूक ठोकला आणि त्याला साखरपाण्याची बाटली लटकवली. तेव्हापासून दर मार्चला, संत जोसेफच्या सणाच्या आसपास, कोणीतरी त्या बाटलीवर यायचंच. अल्सीड गेला, तरी येणं थांबलं नाही. युलाली भांडी घासताना त्याच्याशी बोलायची. कोणाशी, पाखराशी की नवऱ्याशी, ते मी कधी विचारलं नाही.

मार्च लागला. तिनं पाणी उकळलं, साखर विरघळवली, गार करून बाटली भरली आणि नव्या उंचीवरच्या खिडकीबाहेर, त्याच जुन्या हुकाला लटकवली. कठड्यावर सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. बियांवर लाल कार्डिनल पक्ष्यांची जोडी आली. निळा ‘जे’ पक्षी आला आणि सगळ्यांवर गुरकावून गेला. बाटलीवर कोणी आलं नाही.

"त्या उंचवट्यावरच्या बर्नेसकडे आलेत," ती म्हणाली. "चर्चमध्ये सगळ्यांना सांगत होती. म्हणे, आमच्या साखरेला वेगळीच गोडी आहे. एकाच दुकानातून साखर आणतो आम्ही!"

संत जोसेफचा सण होऊन गेला. युलाली रोज सकाळी चिकोरीची काळी कॉफी घेऊन खिडकीशी बसायची. तिथून आता खाडीपलीकडचं गवताळ पाणथळ रान दिसायचं, धुक्यात हळूहळू श्वास घेतल्यासारखं हलणारं. पूर्वी तिला फक्त कुंपण दिसायचं. मी म्हटलं, "काय सुंदर दिसतं गं इथून."

"दिसतं की," ती म्हणाली. "पण ओळखीचं काही नाही त्यात."

मग एक दिवस तिनं क्लोव्हिसला फोन केला आणि रविवारी ट्रक घेऊन ये म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी मी सामान भरायला शेडवरची रिकामी खोकी घेऊन तिच्याकडे गेलो. धुकं इतकं दाट होतं की वरचं घर दिसतच नव्हतं. खांब तेवढे उभे होते, आणि त्यांच्यामधली पूर्वी घर होतं ती जागा पांढुरकी, रिकामी. मी जिन्यापाशी खोकी टेकवली आणि मला गुणगुण ऐकू आली.

माझ्या छातीच्या उंचीवर, हवेत, तो होता. समोर काहीच नव्हतं, ना फूल ना बाटली. तरी तो एका जागी थरथरत थांबला होता आणि चोच पुढे करून काहीतरी शोधत होता. मागे सरला, बाजूला गेला, पुन्हा नेमका त्याच ठिकाणी आला. मी बघत राहिलो आणि धुक्यात मला एकेक गोष्ट दिसू लागली. इथं हूक होता. त्यामागे खिडकीची काच, काचेमागे नळ, नळाशी युलालीचे साबणाचे हात, आणि खुंटीवर अल्सीडची टोपी. आम्ही सगळ्यांनी मिळून घर वर नेलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी खिडकी अजून तिथंच होती.

"तांत," मी हळूच हाक मारली, "खाली ये. सावकाश ये."

"सावकाशच येणार! गुडघे आहेत ते, लिफ्ट नाही."

एकेक पायरी उतरत ती आली. तिनं पाहिलं आणि कठडा घट्ट धरला. तो गेला तेव्हा म्हणाली, "म्हणजे हा येतच होता. आणि मी वर बसून त्याला शिव्या घालत होते."

"बाटली खाली आणू?"

"आणि मी काय दिवसभर जिना चढू-उतरू?" तिनं वर पाहिलं, मग खाली. डोळ्यांत एकदम अल्सीडच्या बायकोची जुनी चमक आली. "घर कसं चढलं रे?"

"जॅकनं."

"रोज चार बोटं. तसाच हाही चढेल."

अल्सीडच्या बोटीवरची कप्पी मी छपराच्या कडेला टांगली. तिच्यातून दोर ओवला, बाटली जुन्या खिडकीच्या उंचीवर सोडली आणि दोराचं दुसरं टोक वर कठड्याला, युलालीच्या हाताशी बांधलं. मग आम्ही जिन्यात बसून राहिलो. धुकं विरत गेलं. तो परत आला आणि जणू मध्ये वादळ झालंच नव्हतं असा प्यायला लागला.

रविवारी क्लोव्हिस ट्रक घेऊन आला. डोक्यावर लाल टोपी. बाटली जेमतेम चार बोटं चढलेली. मी त्याला दोराचा सगळा प्रकार सांगितला.

"आई, हे खिडकीत आल्यासारखं नाही."

"येईल की नाही, एवढंच ठरलं होतं. कुठवर येईल ते नव्हतं ठरलं."

"वकील व्हायला हवं होतंस."

"तुझा बापही हेच म्हणायचा, हरल्यावर."

तो हसला नाही. "तू जिन्यात पडलीस तर मला कोण कळवणार? हे पाखरू?"

"वेल्डन कळवेल. आणि मी रोज उतरायची नाही. म्हणून तर त्याला वर बोलावतेय."

क्लोव्हिस खालच्या पायरीवर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. तेवढ्यात गुणगुण आली. पाखरू बाटली सोडून थेट त्याच्या लाल टोपीसमोर येऊन थांबलं. फूल आहे की नाही, पाहत राहिलं. त्याच्या पंखांचा वारा क्लोव्हिसच्या पापण्यांना लागत असावा, पण तो हलला नाही. लहानपणी बापाच्या टोपीत वाकून पाहताना त्याचा चेहरा असाच झाला असेल.

पाखरू गेलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आज दोर ओढला का?" त्यानं विचारलं.

"नाही अजून," युलाली वरून म्हणाली.

तो जिना चढून गेला आणि तिच्या हातातला दोर घेतला. बाटली चार बोटं वर सरकली.

"हळू," ती म्हणाली. "बशा हलतील."

मी खाली ट्रकपाशी उभा होतो. थोड्या वेळानं वरून कागदांची चुरचुर ऐकू आली. ट्रकसाठी कागदात बांधलेले कप युलाली कॉफीसाठी सोडवत होती.