सिरॅमिक पॅड काय जादूचे असतात का?

बुलडाण्याच्या गाडीवाल्यांनो, डोकं फिरलंय म्हणून लिहून राह्यलो.

सकाळी एक काळीपिवळीवाले भाऊ माह्या गॅरेजवर आले. त्यांच्या जीपला गेल्या महिन्यात मीच सिरॅमिकचे ब्रेक पॅड बसवले होते. आल्या आल्या चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "फसवलं बे तू मले! म्हणे कितीबी तापले तरी टिकते. आज राजूर घाटात ब्रेकच लागत नव्हता. दहा माणसं होती गाडीत!"

मी चाक खोललं. पॅड झिजून काचेसारखे गुळगुळीत झालेले. डिस्क निळी पडलेली, तिला बारीक तडे.

"भाऊ, घाट कसा उतरता तुम्ही?"

"न्यूट्रलमधी. डिझेल वाचते ना."

"अन् खाली आल्यावर?"

"चाकायवर पाणी मारतो. बापाच्या जमान्यापासून मारतो आम्ही."

म्हणजे अख्खा घाट नुसत्या ब्रेकवर घासत उतरायचा, आणि तापून लाल झालेल्या डिस्कवर थंड पाणी ओतायचं! सिरॅमिक ताप सोसते हो, पण एवढं घासल्यावर तेही झिजणारच ना?

अर्धा तास समजावलं. दुसऱ्या गिअरमधी उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या, चाक आपोआप थंड होऊ द्या. डिस्क आणि पॅड नवे टाकले. भाऊ म्हणाले, "हाव, समजलं."

गाडी गॅरेजसमोरच्या उताराला लागली आणि इंजिनाचा आवाज एकदम बसला.

न्यूट्रल.

उद्या सकाळी त्या जीपमधी तुमच्यापैकी कोण कोण बसणार आहे?