फूफाजी आणि नाकारलेली स्थळं

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. ते चहाच्या उष्ट्या कपांसारखे टेबलावर साचत जातात, कुणीतरी उचलेपर्यंत तिथेच असतात! मला रोज घरी जाऊन दिवसभराचं लिहून ठेवायची सवय, त्यामुळे ते उचलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

ऑफिस म्हणजे नानाखेड्यात मिठाईच्या दुकानावरची एक खोली. मालक श्रीकांत, प्रोग्रॅम लिहिणारी दीपिका, आणि तपासणारी मी, म्हणजे दोघांची मानलेली मावशी. मराठी मंडळाचं वधूवर सूचक केंद्र कंप्युटरवर आणायचं काम आम्हाला मिळायच्या बेतात होतं. मंडळाच्या मुळेकाकूंनी पसंत केलं तर काम आमचं. नाहीतर खोलीला कुलूप लावून आपण इंदूरला नोकरी धरणार, हे श्रीकांतनं सरळ सांगून टाकलं होतं.

*

खऱ्या माणसांच्या आधी खोटी माणसं लागतात. पायथन नावाच्या कंप्युटरच्या भाषेत स्थळाचा एक साचा लिहायचा, त्याला मॉडेल म्हणतात: वय एवढं, उंची एवढी, जन्मगाव यादीतलंच. त्यावरून दोन छोटे प्रोग्रॅम मनाला येतील तशी खोटी स्थळं पाडतात. एक नियमात बसणारी, म्हणजे वैध. दुसरा मुद्दाम नियम मोडणारी, म्हणजे अवैध. अवैध स्थळं सॉफ्टवेअरनं नाकारली की आम्ही खूश.

अवैध स्थळं पाडणाऱ्या प्रोग्रॅमचं बारसं दीपिकानं केलं. "हर शादी में एक होता है ना मावशी, जो आते ही मुंह फुला लेता है? पनीर ठंडा, बँड बेसुरा?"

त्या दिवसापासून तो फूफाजी, म्हणजे लग्नात हमखास रुसणारे आत्याचे यजमान!

*

पहिल्याच दिवशी एक वैध वर आला. वय नऊशे बारा, प्रथम विवाह.

श्रीकांतनं वयाची खालची मर्यादा लिहिली होती, वरची राहिलीच होती. तो कपाळाला हात लावून बसला. दीपिका म्हणाली, "इतना रुका है, तो कुछ सोच के ही रुका होगा!"

वरची मर्यादा घातली. पुढचा वर आला: वय एकवीस, व्यवसाय निवृत्त न्यायाधीश.

"लडका तेज है," दीपिका म्हणाली.

*

एकदा फूफाजींची सगळीच्या सगळी स्थळं सॉफ्टवेअरनं नाकारली. एकही सुटलं नाही! श्रीकांतनं खालून गरम कचोऱ्या मागवल्या. आम्ही खाल्ल्या, एकमेकांचं अभिनंदन केलं.

मग मी सवयीनं चार वैध स्थळं घालून बघितली. तीही नाकारली. डॉक्टर मुलगी, नाकारली. बँकेतला मुलगा, नाकारला. सॉफ्टवेअर कुणालाच आत घेत नव्हतं!

दीपिका बोटं चाटत म्हणाली, "लो, फूफाजी के मन की हो गई. शादी ही कॅन्सल!"

*

मुळेकाकू पहिल्यांदा बघायला आल्या, तेव्हा नेमकं फूफाजींचं एक स्थळ पडद्यावर राहून गेलं होतं. अपेक्षांच्या रकान्यात फूफाजींनी वाटेल ते शब्द कोंबले होते: "शांत, दोन मजले, पोहे, रविवार."

"काकू, हे चुकीचं आहे, मुद्दाम केलंय," श्रीकांत घाईघाईनं म्हणाला.

काकूंनी चष्मा सारखा केला. "यात चूक काय आहे रे? इतकं स्पष्ट तर आजकाल कुणी लिहीतच नाही!"

*

आता शेवटचा किस्सा. काकूंनी मंडळातल्या काही घरांना फॉर्म भरून बघायला सांगितलं होतं. त्यातले नाकारलेले आणि फूफाजींचे नाकारलेले एकाच ढिगात पडत होते, हे आमच्या लक्षात आलं नाही. त्या ढिगात एक रत्न सापडलं: "जन्मस्थळ: चालती पॅसेंजर, नागदा सुटल्यावर, खिडकीजवळ."

"फूफाजी तो शायर हो गए!" दीपिका हसून हसून खुर्चीवरून घसरली. श्रीकांतनं तो फॉर्म छापून भिंतीवर लावला, फूफाजींच्या बाकी निवडक फॉर्मांच्या रांगेत.

दोन दिवसांनी काकू एका मुलीला घेऊन आल्या. "ही रेवती. हिचा फॉर्म तुमचं यंत्र घेतच नाही. आज माझ्यासमोर घेऊन दाखवा, नाहीतर आमच्या जुन्या फायली काय वाईट आहेत?"

श्रीकांत मशीन सुरू करेपर्यंत रेवती भिंत वाचू लागली. एकेका फॉर्मला खळखळून हसत होती. आम्हीही हसत होतो. शेवटच्या फॉर्मपाशी ती थांबली.

"हा तर माझा आहे."

दीपिकानं हातातला चहा तसाच खाली ठेवला. काकूंनी श्रीकांतकडे बघितलं.

"मॅडम, ते... जन्मस्थळात गाव लागतं. गाडी नाही," श्रीकांत म्हणाला.

"मग आईनं काय चेन ओढायची होती?"

काकू फिस्सकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. श्रीकांतनं यादीत एक पर्याय वाढवला: प्रवासात. रेवतीनं उभ्याउभ्याच फॉर्म भरला. हिरवी खूण आली!

"थांबा," काकू म्हणाल्या. "आता हिला जुळणारी स्थळं दाखवा. त्याशिवाय मी मंडळात हो म्हणणार नाही."

श्रीकांत नको नको म्हणेपर्यंत दीपिकानं बटण दाबलं. जुळणारी स्थळं: एक.

काकूंनी मोठ्यानं वाचलं, "श्रीकांत. वय चौतीस. राहणार नानाखेडा. स्वतःचा व्यवसाय. अरे वा, चालतंय की तुमचं यंत्र! सांगते मी मंडळात."

"काकू, तो... तो नुसता टेस्ट डेटा आहे!" श्रीकांतचे कान लाल झाले होते.

रेवती वाकली. पडद्यावरचं सगळं सावकाश वाचलं, अगदी अपेक्षांपर्यंत. मग श्रीकांतकडे बघून म्हणाली,

"वैध, का अवैध?"