गणपतीपुढचा वाडगा

"काय गं, सोनंबिनं सापडलं की नाही अजून?" टेक्सासमधल्या शुगर लँडच्या काकांचा हा प्रश्न दर गणपतीला ठरलेला. सोनं, डोंबल! मी न्यू मेक्सिकोत हजार वर्षांपूर्वीची गावं उकरते, आणि बहुतेक वेळा चोर माझ्या आधी येऊन गेलेले असतात. त्या उन्हाळ्यात तर मेल्यांनी एका दफनाच्या जागेवर बुलडोझरच घातला होता. भांडी नेली, हाडं ढिगाऱ्यावर फेकून दिली. त्यात एका लहान मुलाची कवटीही होती.

आम्ही ती हाडं वेचत असताना तिथल्या प्वेब्लोतल्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या गावातल्या, एक आजी रोज येऊन बसायच्या. मेलेली माणसं त्यांच्याच पूर्वजांतली. सगळी हाडं त्या पुन्हा पुरणार होत्या. "चोरीला गेलेले वाडगे कुठे दिसले तर घेऊन ये," म्हणाल्या. मी हो म्हणून बसले.

आणि सप्टेंबरात आरती झाल्यावर काकूंनी खिरापत पुढे केली, ती नेमकी तसल्याच वाडग्यात. पांढरा, छोटा, आत काळ्या रंगाचा ससा, आणि सशाच्या पोटावर प्लास्टरचं ठिगळ.

"अँटिक आहे," काका खुशीत म्हणाले. "गेल्याच महिन्यात डीलरकडून घेतला. सर्टिफिकेटसकट, बरं का."

मला कुठलं राहवायला! हॉलभर पाहुण्यांसमोर मी सांगून टाकलं. हा वाडगा मेलेल्याच्या तोंडावर पालथा घालून पुरायचे. पुरण्याआधी तळाला भोक पाडायचे, तेच डीलरनं बुजवलंय. आणि एवढासा वाडगा म्हणजे बहुधा लहान मूल.

कुणीतरी हातातली खिरापत हळूच टिश्यूत गुंडाळली. काका लालबुंद झाले. "सणासुदीचं काय बोलतेस तू?"

"मग सणासुदीला थडगं उकरून आणलेलं चालतं?" माझाही तोल गेला.

"मूल?" काकूंनी विचारलं आणि वाडगा पदरानं पुसला. मी म्हटलं, "मला द्या, काकू. मी परत नेऊन देते." काका "बघू" म्हणाले. काकूंनी मला दारापर्यंत सोडलं. "पुढच्या शनिवारी ये. यांना मी बघते."

मी आजींना फोन केला. "अख्खा आहे ना?" त्यांनी दोनदा विचारलं. "मग त्या लेकराला पुरायचं थांबवते. वाडगा कुणाचाही असो, त्याच्या तोंडावर घालू."

शनिवारी मी खोका, बबल रॅप, सगळं घेऊन गेले. काकू दारातच हसल्या. "झालं गं सगळं नीट. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी यांना आंघोळ करायला लावली. ते ठिगळ टोकरून काढलं, वाडग्यात पाणी घातलं, खांद्यावर दिला आणि बॅकयार्डमध्ये तीन फेऱ्या मारायला लावल्या. मग मागच्या मागे टाकून फोडला. त्या लोकांनी भोक पाडलं, पण फोडला नव्हता ना! अडकून पडलं असेल गं बिचारं. आता सुटलं."

"काकू, तुकडे?"

"ट्रॅशमध्ये गेले. आपण मागे वळून बघायचं नसतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी रिकामा खोका उचलून गाडीकडे निघाले. संताप मात्र जाईना. माझा मलाच येत होता, काकांचा येत होता, त्या डीलरचा तर विचारूच नका.

गाडीत बसूनच आजींना फोन लावला. काही लपवलं नाही. त्यांनी काकूंना बोल लावला नाही.

एवढंच म्हणाल्या, "आता त्याचं तोंड कशानं झाकू?"