शंभर टक्के वापर

हेमा पानसेला लोक तिरसट म्हणतात. म्हणोत. आमच्या वाघोलीच्या कॉलेजात डोकं फिरावं असं रोज काही ना काही घडतं आणि एकाचंही फिरत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

हेमा सदाशिव पेठेतली. शाळेत गणित शिकवता शिकवता तिने पीएचडी केली, मुलं टॅबवर कशी शिकतात या विषयावर. चौदा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आहे. संशोधन कशाशी खातात हे मला तिनेच शिकवलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही हडपसरच्या पलीकडच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गाला चाळीस टॅब दिले. पहिला आठवडा हेमा तिथेच होती. पुढचं सगळं वाघोलीत बसून, पडद्यावर. टॅबवर धडा उघडला की पडद्यावर त्या टॅबच्या नंबरापुढे हिरवा ठिपका. रोज चाळीस ठिपके. विभागप्रमुख डॉ. यज्ञेश्वर बर्वे पाहुण्यांना तो पडदा नवा फ्लॅट दाखवावा तसा दाखवायचे. या अभ्यासावर पेपर निघणार होता आणि त्या पेपरवर हेमाची बढती अडली होती. आधी दोनदा तिला डावललेलं.

मुलांचं गणित मात्र जिथल्या तिथे. हेमा कारण शोधत बसली, तेव्हा तिला दिसलं की गावच्या जत्रेच्या दिवशीही चाळीस ठिपके लागलेत. जत्रेच्या दिवशी त्या शाळेकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही! दुसऱ्या सकाळी ती न कळवता शाळेत जाऊन थडकली.

कोठीच्या खोलीत शाळेच्या शिपाई सरुबाई सतरंजीवर चाळीस टॅब मांडून बसल्या होत्या. एकेकावर बोट दाबत पुढे सरकत होत्या.

"रोज मीच करती, बाई," त्या म्हणाल्या. "हेडमास्तर म्हनले, हिरवं लागलं पायजे, न्हाईतर वरनं फोन येतो. जत्रंदिवशी बी मी येऊन गेले. पोरांच्या हातात न्हाई देत. फुटलं म्हंजी आमच्या नावानं बोंब."

शेजारच्या वर्गात मुलं फळ्यावरचं उतरवून घेत होती. एका मुलीने हेमाला विचारलं, "मॅडम, ते आमाला कधी मिळनार?"

हेमा तडक कॉलेजात परत आली. आधी स्वतःवरच उखडली. "दोन वर्षं मी एका बाईचं बोट मोजत होते. आणि म्हणे शिक्षणातली डॉक्टर!" मग ती बर्वेंच्या केबिनमध्ये गेली. मीही मागोमाग गेले.

"हेमाताई, वापरात सातत्य आहे ना?" बर्वे म्हणाले. "आपण आकडे काय सांगतात ते लिहायचं."

"सातत्य सरुबाईंचं आहे, सर. पेपरवर पहिलं नाव त्यांचंच घाला."

"आणि तुमची बढती?"

"तीही त्यांनाच द्या."

तिने पेपरवरचं स्वतःचं नाव खोडलं. तीन महिन्यांत पेपर एका नियतकालिकात छापून आला. वापर शंभर टक्के. त्याच्या जोरावर आता आणखी साठ शाळांत टॅब जाणार आहेत. हेमाने त्या नियतकालिकाला सगळं खरं लिहून पाठवलं, तर बर्वेंनी त्यांना कळवलं की मानसिक ताणामुळे हेमाताई प्रकल्पातून बाहेर पडल्या. हलकट माणूस! चौदा वर्षांत मी हेमाइतकं शुद्धीवर असलेलं माणूस पाहिलेलं नाही.

पण सगळं खापर बर्वेंवर फोडून मला सुटता येणार नाही. हेमाच्या रिकाम्या जागी एक नाव हवं होतं, ते माझं आहे. बढतीही मलाच मिळाली. माझ्या घरचे पेढे वाटून मोकळे झाले.

हेमा कडाडून भांडेल म्हणून मी तयारीत होते. तिने पेपर शेवटपर्यंत वाचला, माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "तू शाळेत जाऊन आलीस का गं?"

"नाही," मी म्हटलं.

हे मार्चमधलं. अजून गेलेले नाही.