मुराळ्याची जीप आणि दुसरा गिअर

आमच्या जीपचा दुसरा गिअर सरळ पडत नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढायला गेलं की आतून असा काही कर्रर्र आवाज येतो, की रस्त्यातली कुत्रीसुद्धा अंग चोरून बाजूला होतात. आतलं पितळी कडं झिजलंय, ते बदला, असं मेकॅनिक किती वर्षं सांगतोय. आप्पा ऐकत नाहीत. "गाडीला काय धाड भरली? चालवनाऱ्याला हात पायजे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आप्पा म्हणजे माझे वडील. अवसरी बुद्रुकला आमची शेती, शेताच्या कडेला माझी टोमॅटोच्या रोपांची नर्सरी, आणि दारात माझ्याहून वयानं मोठी असलेली ही जीप.

माझी थोरली बहीण आण्याच्या घाटावर, पठारावरच्या एका वस्तीत दिलेली आहे. आमच्याकडे लेक सासरहून गावच्या यात्रेला आपली आपण येत नाही. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला जातं, भाऊ नाहीतर बाप. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी जातो, तिथं जेवतो आणि लेकीला घेऊन निघतो. आम्हाला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी आप्पाच जीप काढायचे. मागच्या वर्षी नेमकं यात्रेच्या तोंडावर त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चुलतभाऊ म्हणाला, मी जातो. पण तो शर्यतीच्या बैलांमागे असा अडकला, की त्यानं ताईला नुसता फोन केला: एसटीनं ये, फाट्यावर घ्यायला येतो. ताईच्या सासूबाईंनी ते ऐकलं. "म्हायेरी कुनी उरलं न्हाई का न्यायला?" एवढंच त्या म्हणाल्या. ताई आली नाही.

यात्रेच्या दिवशी पुरणपोळी कुणाच्याच घशाखाली उतरेना. ताई फोनवर म्हणाली, "बरं झालं, एवढ्या उन्हाचं कुठं येऊ," आणि तिचा आवाज रडून बसलेला आहे हे मला लगेच कळलं. मी इतकी संतापले होते की काही विचारू नका. चुलतभावाचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की लायसन माझ्याही खिशात होतं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

यंदा चैत्र लागला तसं मी जाहीर करून टाकलं, "मुराळी मी जाणार."

आई चुलीपुढून म्हणाली, "बाईमानूस कुटं मुराळी असतं का?"

आप्पांनी तो वाद अंगाला लावूनच घेतला नाही. त्यांनी एकच विचारलं, "घाट उतरवशील?"

मी म्हणाले, उतरवीन की. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्यात आधी मीच पास झाले होते. आप्पा हसले. "ती गाडी लई गरीब. हात लावला की गिअर पडतो. ही आपली न्हाई पडायची. हिला डबल क्लच लागतो."

दुसऱ्या दिवसापासून कालव्याच्या रस्त्यावर शाळा सुरू झाली. मी चाकावर, आप्पा शेजारी, त्यांचा डावा पाय लांब पसरलेला. त्यांनी पहिला नियम सांगितला तो चढाचा नव्हता, उताराचा होता. "उतारावर गाडी न्यूट्रल करायची न्हाई. कदीच न्हाई." आमच्या भागात हे कुणी पाळत नाही. उतार दिसला की गिअर काढायचा, डिझेल वाचवायचं आणि वर त्याची फुशारकी मारायची; चुलतभाऊ तर यातला उस्ताद. आप्पांचा यावर भयंकर राग. "भरल्या गाडीचा कासरा सोडून द्यायचा आन् आपन झोपायचं, तसलं हाये ते. ब्रेक तापतो, मंग ब्रेक ऱ्हात न्हाई. खालचा गिअर टाक. मंग गाडी इंजिनाला धरून उतरती."

पण खालचा गिअर टाकायचा म्हणजेच दुसरा, आणि तोच तर रुसलेला. त्याची रीत अशी: क्लच दाब, गिअर न्यूट्रलला आण, क्लच सोड. आता मधेच एक्सिलेटरला टाच दे, इंजिन गुरगुरू दे. लगेच पुन्हा क्लच दाब आणि गिअर दुसऱ्यात ढकल. एका गिअरसाठी दोनदा क्लच. मी विचारलं, मधे क्लच सोडायचाच कशाला? आप्पा म्हणाले, "चालत्या बैलगाडीत चढताना काय करती? आदी तिच्यासंगं पळती ना? हुभी राहून उडी मारली तर तोंड फुटंल. गिअरचं दात बी तसंच. त्यांना आदी पळीव, मंग चढीव."

हे ऐकायला सोपं आहे. करताना माझा डावा पाय एकीकडे आणि उजवा दुसरीकडे. कधी रेस द्यायला विसरायचे, कधी रेस देऊन क्लच विसरायचे. कर्रर्र! कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. "काय गं, पीठ दळती का?" एकीनं विचारलं. मी खिडकीतून ओरडले, "हो, बाजरीचं!" आप्पा शेजारी गदगदून हसत होते आणि मला दोघांनाही कालव्यात ढकलावंसं वाटत होतं, आप्पांना आणि जीपलाही.

आणि मग एका सकाळी तो पडला. दाब, सोड, रेस, दाब, आणि दांडा असा आत गेला जसा काही तिथंच राहायला होता. आवाज नाही, धक्का नाही. जीप जराशी नाक खाली करून संथ झाली. मी "आप्पाऽऽ!" म्हणून एवढ्यानं ओरडले की कालव्यातले बगळे उडाले. आप्पा म्हणाले, "फुडं बघ." पण त्यांनीही मांडीवर थाप मारली होती, मी पाहिलं. त्या दिवशी मी उगीचच रस्ताभर तिसरा-दुसरा, तिसरा-दुसरा करत राहिले. गिअर टाकण्यात एवढा आनंद असतो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी निघाले. एकटीच. आईनं डबा दिला, आप्पांनी जीपच्या टायरला उगीचच काठीनं टोचून बघितलं. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, मग उजवीकडे नगरचा रस्ता, बेल्हं, आणि पुढं घाट. घाट तसा छोटाच, पण पहिल्या वळणाआधी मी आप्पांची रीत दोनदा पुटपुटले. वर जाताना दुसरा बिनबोभाट पडला. पठारावर आले आणि मी मोठमोठ्यानं गात सुटले.

ताई अंगणात पिशवी भरून उभीच होती. तिनं माझ्यामागे जीपमध्ये वाकून पाहिलं. "कोन आलंय?"

"मी."

"आन् संगं?"

"मीच."

ती मला अशी काही मिठी मारून हसायला लागली, की तिची छोटी लेक घाबरून रडायला लागली. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. सडपातळ बाई, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला, नजर थेट. त्यांनी मला न्याहाळलं, जीपला न्याहाळलं. मी वाकून पाया पडले. त्या म्हणाल्या, "जेव आदी. मंग बगू."

ते "मंग बगू" मला जेवताना घासाघासाला टोचत होतं. मटकीची उसळ झाली, बाजरीची भाकरी झाली, ताक झालं. शेवटी मीच विचारलं, "आत्या, ताईला नेते ना?"

"घाट तू उतरवनार?"

"हो."

"माजी नात हाये गाडीत." त्या जराशा थांबल्या. "मी येते बेल्ह्यापतोर. फुडच्या शिटवर बसते. नीट उतरवली तर ने फुडं. न्हाईतर तिगी बी एसटीनं माघारी येतू." ताईचा चेहरा पडला. यंदाही यात्रा हुकते की काय, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मला दात-ओठ खावेसे वाटले, पण अट तर रास्त होती.

आणि मग त्यांनी जीप भरायला घेतली. मुराळ्याची गाडी रिकामी धाडायची नाही, ही त्यांची जुनी रीत. बाजरीची पोती आली. कांद्याच्या गोण्या आल्या. हुलग्यांचं गाठोडं आलं. मी नको नको म्हणत होते आणि ताईचे दीर एकेक पोतं मागे टाकत होते. जीपचे स्प्रिंगचे पाटे खाली बसले. आप्पा दरवर्षी असेच भरून यायचे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शिकले होते ती रिकाम्या जीपवर.

घाट सुरू झाला तेव्हा मी तिसऱ्यात होते. सासूबाई समोरचा गज दोन्ही हातांनी धरून ताठ बसलेल्या. मागे पोत्यांवर ताई आणि तिची लेक. पहिलं वळण गेलं. जीप मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पळायला लागली. मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दुसऱ्या वळणाला समोर कांद्यानं भरलेला ट्रक, मुंगीच्या चालीनं उतरणारा. आता ब्रेकवर पाय ठेवूनच होते आणि खालून ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला.

दुसरा हवा. आत्ता हवा. क्लच, न्यूट्रल, सोड, टाच, क्लच, ढकल.

कर्रर्र!

दांडा हाताला झटका देऊन परत आला. जीप न्यूट्रलमध्ये. आप्पांनी कधीच नको म्हणून सांगितलेल्या जागी, भर घाटात, पोती आणि माणसं घेऊन. ट्रकचा मागचा फाळका मोठा मोठा होत होता. "काय मोडलं का गं?" सासूबाई ओरडल्या. मागून ताईचा आवाज आला, "देवा!"

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजाडलं. टाच कमी पडली होती! मी दिली ती कालव्यावरच्या रिकाम्या जीपची टाच होती. भरलेली जीप त्याहून जोरात पळतेय, मग दातांनाही तेवढंच जोरात पळवायला हवं. मी ब्रेक एकदा कचकून दाबला, वेग आवरला, न्यूट्रलमध्ये क्लच सोडला आणि एक्सिलेटर जवळजवळ तळाला नेला. जीप हंबरली. क्लच. दांडा.

आत! लोण्यात सुरी जावी तसा!

क्लच सोडला आणि इंजिननं अख्खी जीप मागून धरली. पोती, कांदे, ताई, तिची लेक, सासूबाई, सगळ्यांसकट. मी पाय ब्रेकवरून उचलला. पूर्ण उचलला! ट्रकच्या मागे जीप गुरगुरत, ऐटीत, आपल्या पायांनी उतरायला लागली. मला गाडी थांबवून नाचावंसं वाटत होतं. मागून छोटी टाळ्या पिटत म्हणाली, "मावशी, गाडी आनकी येकदा हंबरू दे की!" ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. सासूबाईंनी गज सोडून पदर सारखा केला.

बेल्ह्याला मी स्टँडजवळ जीप लावली. समोर पठाराकडं जाणारी एसटी उभी होती. कंडक्टर दार लावत होता. सासूबाई हलल्या नाहीत.

"आत्या, तुम्ही उतरणार होता ना?" मी म्हणाले. "गाडी जाईल."

"जाऊ दे." त्या समोर काचेतून बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "माजा भाव वारला तवापासनं मला मुराळी न्हाई आला कुनी. लई वर्सं झाली. आज गाडी दारात आलीच व्हती. मलाबी ने तुज्या यात्रंला."

मागे ताई पोत्यांवरून पुढं वाकली. एवढी वर्षं त्या घरात राहूनही हे तिला माहीत नव्हतं. मागच्या वर्षीचा "म्हायेरी कुनी उरलं न्हाई का?" आता मला वेगळाच ऐकू यायला लागला. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी पहिला गिअर टाकला.

दिवस कलताना आम्ही गावात शिरलो. घराच्या अलीकडे छोटासा उतार आहे, तिथं आप्पा काठी टेकून कान देऊन उभे होते. मी मुद्दाम तिसऱ्यावरून दुसऱ्यात आले. चूप! आप्पांची काठी वर गेली. आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, ताईवरून ओवाळला, आणि पुढच्या सीटवर कोण आहे ते बघून तशीच आत पळाली. दुसरा तुकडा घेऊन आली आणि सासूबाईंवरूनही ओवाळला. त्या माउलीचा चेहरा तेव्हा नव्या नवरीसारखा लाजला होता.

आप्पांनी आधी विहीणबाईंना राम राम घातला. मग जीपकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं, आणि मला विचारलं, "भरल्या गाडीला घाटात वाजला न्हाई का दुसरा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "न्हाई वाजला. मी फुडंच बसले व्हते की."